पिवळी नळी कुणासाठी?

मालवणला जाऊन ‘स्कूबा करून आलो’ असं सांगणारं माणूस आता ओळखीपाळखीत हमखास निघतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास काही मीटर खाली नेतात. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून असतो. कमरेला शिसं किती बांधायचं, जाकिटात हवा किती भरायची, वर कधी यायचं, हे सगळं तोच बघतो. पाहुण्यानं फक्त तोंडातली नळी सोडायची नाही आणि फोटोच्या भरात अंगठा दाखवायचा नाही. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे, आणि हौसेनं अंगठा दाखवून पाचव्या मिनिटाला बोटीवर परतलेले लोक कमी नाहीत.

त्या अर्ध्या तासात कुणालाच काही निवडावं लागत नाही. पण काहींना तिथंच ही खोड लागते. मग ते तारकर्लीला, अंदमानात हॅवलॉक म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला किंवा लक्षद्वीपला जाऊन तीन-चार दिवसांचा ‘ओपन वॉटर’ कोर्स करतात, अठरा मीटरपर्यंत जाण्याचं कार्ड मिळवतात आणि परतीच्या प्रवासातच मोबाइलवर सामानाच्या किमती बघायला लागतात. पुढची प्रकरणं या माणसासाठी आहेत. त्यांत मास्कपासून सिलिंडरपर्यंत एकेका वस्तूचा विचार केलेला आहे. प्रस्तावनेत मी मुख्यतः एकाच प्रश्नाबद्दल लिहिणार आहे, कारण बाकीच्या निवडी त्याच्या मागोमाग येतात. तोंडातल्या नळीतून हवा आली नाही, तर पुढचा श्वास कुठून घ्यायचा?

आधी हवा येते कशी ते बघू. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं ॲल्युमिनियमचं ‘ऐंशी’चं सिलिंडर घ्या. त्याच्या आतली जागा सुमारे अकरा लिटर, आणि भरताना दाब २०० बारच्या आसपास. म्हणजे पृष्ठभागावर मोजली तर जवळजवळ २२०० लिटर हवा. हा दाब थेट तोंडात आला तर फुप्फुसं फाटतील. म्हणून सिलिंडरच्या तोंडावर बसणारी फर्स्ट स्टेज तो आजूबाजूच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बारनं जास्त एवढा खाली आणते, आणि तोंडातली सेकंड स्टेज श्वास ओढला की तेवढ्यापुरती, नेमक्या बाहेरच्या दाबाची हवा सोडते. ही ‘मागाल तेव्हाच’ हवा देणारी झडप १९४३ मध्ये फ्रान्समध्ये एमिल गान्यां आणि जाक-इव्ह कुस्तो यांनी पाण्याखाली वापरण्याजोगी केली. गान्यां एअर लिक्विड कंपनीत अभियंता होता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी तयार केलेली झडप त्याच्या हाताशी होती, तिच्यात फेरफार करून हे जमवलं. आज दुकानात मिळणारा कुठलाही रेग्युलेटर, म्हणजे या दोन स्टेजची जोडी, त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती आहे.

या यंत्राबद्दल नवख्याच्या मनात असलेली भीती बहुधा चुकीच्या जागी असते. रेग्युलेटर अचानक बंद पडेल असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक रेग्युलेटरांची रचनाच अशी असते की बिघाड झाला तर झडप मिटत नाही, उघडी राहते. हवा धो धो सुटते, भरलेलं सिलिंडर काही मिनिटांत रिकामं होऊ शकतं, पण तेवढ्या वेळात त्या सुटलेल्या हवेतून श्वास घेत वर येता येतं. हे कोर्समध्ये शिकवतातसुद्धा. घोडं पेंड खातं ते वेगळ्या ठिकाणी. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या पेटर डेनोबल आणि सहकाऱ्यांनी १९९२ ते २००३ या काळातल्या, हौशी डायव्हिंगमधल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास करून २००८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. संकटाची सुरुवात कशानं झाली हे जिथं ठरवता आलं, त्यांतल्या ४१ टक्के घटनांमध्ये कारण निघालं हवा अपुरी पडणं. कुठंतरी अडकून पडणं २० टक्के, आणि सामानाची अडचण १५ टक्के. म्हणजे माणसं सामान मोडल्यामुळे जितकी संकटात येतात, त्याच्या अडीचपटीहून जास्त वेळा ती हवा संपल्यामुळे येतात. आणि हवा संपत आल्याचं सांगणारा काटा त्यांच्याच हाताशी लोंबत असतो.

पूर्वी तो काटाही नव्हता. १९५०-६० च्या दशकात सिलिंडरवर ‘जे-व्हॉल्व्ह’ नावाची झडप असायची. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की ती श्वास अडवायची. मग पाठीमागची सळई खाली ओढली की उरलेली राखीव हवा मोकळी व्हायची. कल्पना चांगली होती. पण पाण्यात उतरताना ती सळई कुठंतरी आपटून आधीच खाली सरकलेली असली, तर राखीव साठा कधीच वापरून झालेला असायचा आणि माणूस सळई ओढतोय तर काहीच होत नाही. दुसरा उपाय म्हणजे एकच नळी दोघांनी आळीपाळीनं तोंडात घेत वर यायचं. शांत डोक्याच्या, सराव केलेल्या दोघांना हे जमतं. घाबरलेला माणूस मिळालेली नळी परत देत नाही, हा अनुभव सगळ्यांनाच आला, आणि हळूहळू प्रत्येक रेग्युलेटरला दुसरी सेकंड स्टेज जोडायची पद्धत रूढ झाली. तीच ‘ऑक्टोपस’, म्हणजे पिवळ्या रंगाची, नेहमीपेक्षा थोड्या लांब नळीची. छातीवर, हनुवटी आणि फासळ्यांच्या मधल्या त्रिकोणात अडकवलेली.

बरेच नवे डायव्हर तिला ‘माझी जादा हवा’ समजतात. तसं ते नाही. ती त्याच फर्स्ट स्टेजला जोडलेली असते आणि त्याच सिलिंडरातून हवा घेते. तुमची हवा संपली तर तीही संपलेली असते. तुमच्या छातीवरची पिवळी नळी तुमच्या जोडीदारासाठी आहे, आणि तुमची राखीव हवा त्याच्या छातीवर लटकतेय. हे एकदा नीट डोक्यात बसलं की खरेदीची यादी वेगळी दिसायला लागते. जोडीदाराच्या ऑक्टोपसची स्थिती, त्याच्या सिलिंडरातला दाब आणि त्याच्यापासूनचं तुमचं अंतर, हे तिन्ही तुमच्या सामानाचेच भाग होतात. अंतराबद्दल तर फार गाफीलपणा असतो. फोटो काढणारा जोडीदार दहा मीटर पुढं निघून गेला असेल, तर त्याच्याकडे कितीही महागडा रेग्युलेटर असला तरी तुम्हाला काय उपयोग?

हवा संपताना नेमकं काय होतं, हे एकदा तलावात अनुभवून बघावं. दीड मीटर पाण्यात प्रशिक्षक मागून झडप फिरवतो. पहिला श्वास अगदी नेहमीसारखा येतो. दुसरा थोडा जड, पण माणूस म्हणतो आपणच जोरात ओढला असेल. तिसऱ्याला रबराचं माउथपीस दातांवर घट्ट खेचलं जातं आणि पुढं काहीच नाही. काट्याकडे पाहावं तर तो शून्यावर टेकलेला. आडवा हात गळ्यावरून फिरवायची खूण करायची, तीही मग घाईघाईनं. खोल पाण्यात झडप कुणी बंद करत नाही, हवा सावकाश संपते. तिथं एक गंमत होते. स्वस्त, ‘अनबॅलन्स्ड’ रेग्युलेटर दाब उतरला की जड चालायला लागतो, म्हणजे एक प्रकारे आधी सांगतो. महागडा ‘बॅलन्स्ड’ रेग्युलेटर जवळजवळ शेवटच्या श्वासापर्यंत लोण्यासारखा चालतो. जास्त पैसे मोजून तुम्ही एक सूचना गमावता. म्हणून महाग घेऊ नये असं नाही. काटा बघायची सवय लावून मग घ्यावा.

काट्याबद्दल दोन गोष्टी. झडप उघडल्यावर काट्याकडे बघत तीन-चार श्वास घ्या. काटा स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला खाली झुकून परत वर येत असेल, तर झडप अर्धवटच उघडली आहे. पृष्ठभागावर ते जाणवत नाही, खाली जाणवतं. दुसरी गोष्ट ‘५० बार’च्या नियमाची. कोर्समध्ये ऐकलेला हा आकडा म्हणजे वर यायला लागायचा आकडा, असं बरेच जण समजतात. थोडा हिशेब करू. दोघं अठरा मीटरवर आहेत, तिथं दाब २.८ बार. एकाची हवा संपली, आता दोघंही एकाच सिलिंडरवर आहेत आणि दोघंही घाबरलेले आहेत. घाबरलेला माणूस पृष्ठभागावरच्या मापानं मिनिटाला तीस लिटर सहज ओढतो. नळी देणं, एकमेकांना धरणं, खुणा करणं यात एक मिनिट गेलं तर १६८ लिटर. मिनिटाला नऊ मीटरच्या वेगानं वर येण्यात सुमारे २३० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घेतला तर आणखी २७०. बेरीज साडेसहाशेच्या वर, म्हणजे त्या अकरा लिटरच्या सिलिंडरात सुमारे ६० बार. तेव्हा ५० बार हे बोटीवर पोहोचल्यावर शिल्लक असायला हवेत. वर निघायचा विचार त्याच्या बराच आधी करायचा असतो, आणि तीस मीटरला तर अजूनच आधी.

आता पर्याय बघू. नेहमीचा पिवळा ऑक्टोपस बहुतेकांना पुरतो. तो घेताना दोनच गोष्टी बघाव्यात. एक, तो युरोपीय मानकानुसार तपासलेला आहे का. ‘ईएन २५०ए’ अशी खूण असेल तर एकाच फर्स्ट स्टेजवर दोघं श्वास घेतील हे धरून त्याची चाचणी झालेली असते. त्याच खुणेजवळ ‘१० अंशांपेक्षा जास्त’ असं लिहिलेलं असेल तर तो थंड पाण्यासाठी तपासलेला नाही, आणि आपल्या समुद्रात त्यानं काही बिघडत नाही. बर्फाळ पाण्यासाठी सीलबंद केलेल्या मॉडेलचे जादा पैसे अरबी समुद्रात मोजण्यात अर्थ नाही. दुसरं, तो छातीवर कशात अडकवणार? लोंबता ऑक्टोपस खडकावर घासतो, वाळूत रुततो. गरजेच्या क्षणी तो तोंडात घातला तर दातांखाली वाळू येते, आणि झडपेत शिरलेला वाळूचा कण हवा सोडतच राहतो. साधी रबरी पकड, ओढली की सुटणारी आणि एरवी न सुटणारी, ही या यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि लोक तिच्यावरच काटकसर करतात.

दुसरा पर्याय म्हणजे जाकिटात हवा भरायच्या नळीवरच बसवलेली सेकंड स्टेज. एक नळी कमी होते, सामान हलकं होतं. पण इथं क्रम उलटा: जोडीदाराला तुमच्या तोंडातली नळी द्यायची आणि तुम्ही ही दुसरी तोंडात घ्यायची. वर येताना त्याच उपकरणातून श्वासही घ्यायचा आणि जाकिटातली हवाही सोडायची. सरावाशिवाय हे जमत नाही. नव्या डायव्हरनं हे टाळावं असं माझं मत आहे.

तिसरी पद्धत फ्लॉरिडाच्या पाण्याखालच्या गुहांमधून आली. तिथं अरुंद बोगद्यातून एकामागे एक पोहावं लागतं, म्हणून सात फुटांची लांब नळी. शेक एक्सली या गुहा-डायव्हरनं १९७९ मध्ये लिहिलेल्या सुरक्षेच्या पुस्तिकेनं गुहांमधल्या अपघातांकडे बघायची दृष्टीच बदलली, आणि बिल हॉगार्थ मेन या डायव्हरच्या नावानं ही मांडणी ‘हॉगार्थियन’ म्हणून ओळखली जाते. यात लांब नळी तुमच्या तोंडात असते आणि तीच द्यायची. तुमची स्वतःची दुसरी सेकंड स्टेज गळ्यात रबरी दोरीनं हनुवटीखाली बांधलेली. यामागचं निरीक्षण खरं आहे. हवा नसलेला माणूस छातीवरची पिवळी नळी शोधत बसत नाही. ज्या नळीतून बुडबुडे निघताहेत, जी चालते हे त्याला डोळ्यांनी दिसतंय, तीच तो तुमच्या तोंडातून ओढतो. गुहेत जायचं नसलं तरी पाच फुटांच्या नळीनं हीच मांडणी करता येते. पण दोघांनाही ती माहीत हवी. अनोळखी जोडीदाराबरोबर बोटीवर बसलात तर उतरण्याआधी सांगा: हवा हवी असेल तर कुठली नळी घ्यायची, आणि मी मागितली तर तू कुठली देणार.

आता खरोखर वेगळी हवा, म्हणजे स्वतंत्र सिलिंडर. जाहिरातीत सगळ्यात आकर्षक दिसतं ते ‘स्पेअर एअर’सारखं हातात मावणारं छोटं सिलिंडर. त्याच्या मोठ्या मॉडेलमध्ये तीन घनफूट, म्हणजे सुमारे ८५ लिटर हवा असते. वरचाच हिशेब लावा. घाबरलेल्या माणसाला अठरा मीटरवरून नऊ मीटरच्या वेगानं वर यायला, खाली क्षणभरही न रेंगाळता, सुमारे ११५ लिटर लागतात. तीस मीटरवरून २५०. म्हणजे दहा-बारा मीटरपर्यंत ते भागवतं. पण सहा ते नऊ मीटरवरून नळी तोंडात ठेवून, हळूहळू श्वास सोडत वर पोहत येणं कोर्समध्येच शिकवलेलं असतं! जिथं त्याची खरी गरज, तिथं ते पुरत नाही. याउलट तीन लिटरचं ‘पोनी’ सिलिंडर २०० बारला भरलं तर ६०० लिटर देतं. त्यात तीस मीटरवर एक मिनिट, चढण आणि थांबा, सगळं बसतं. एकट्याच्या भरवशावर खोल जाणाऱ्यानं, किंवा रोज नवा जोडीदार मिळणाऱ्यानं विचार करावा तो याचा.

मात्र भारतातल्या डायव्हरला पोनीचा विचार करताना दोन अडचणी येतात. विमानात भरलेलं सिलिंडर नेता येत नाही, आणि अंदमान-लक्षद्वीपला आपण बहुधा विमानानंच जातो. शिवाय दाबाचं सिलिंडर ही आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेत येणारी वस्तू आहे. त्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परदेशातून येताना बॅगेत टाकून आणलं, असं इथं चालत नाही. तेव्हा पोनी हवंच असेल तर जिथं जाणार त्या केंद्राला आधी फोन करून ते भाड्यानं मिळेल का, हे विचारणं शहाणपणाचं.

मग विकत काय घ्यावं? सगळ्यात आधी मास्क, कारण चेहरा प्रत्येकाचा वेगळा. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवायचा, नाकानं किंचित श्वास ओढायचा आणि खाली वाकायचं. हात सोडूनही चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशीवाल्यांना इथं थोडा त्रास होतो आणि त्याला खरोखर उपाय नाही, मिशी नाकाखाली बोटभर कातरण्याशिवाय. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो टूथपेस्टनं चांगला घासून काढला नाही तर पहिल्याच डाइव्हला धुकं धरतं. चष्मा असणाऱ्यांना नंबरच्या काचा मिळतात. मास्कनंतर डाइव्ह कॉम्प्युटर. तो मनगटावर स्वतःचाच असावा, कारण तुमच्या रक्तात किती नायट्रोजन साचलाय हे जोडीदाराच्या कॉम्प्युटरला माहीत नसतं. फिन्स आणि सूट पायाला-अंगाला बसतील ते. आपल्या गरम पाण्यात तीन मिलिमीटरचा पातळ सूट पुरतो.

रेग्युलेटर आणि बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, हे दोन महागडे तुकडे वर्षभर भाड्यानं वापरून मग घ्यावेत. रेग्युलेटर घेताना तो सिलिंडरला कसा बसतो तेही बघा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ‘योक’ची झडप असते, युरोपात ‘डिन’ जास्त. डिनचा रेग्युलेटर घेऊन योकचा जोड खिशात ठेवला की दोन्हीकडे निभावतं. विक्रेता कुठलंही मॉडेल पुढं करो, पहिला प्रश्न विचारा: याची सर्व्हिस कुठं होते? सुटे भाग मिळत नसतील तर दोन वर्षांनी तो कपाटातला शोभेचा नग होतो. सेकंडहँड रेग्युलेटर स्वस्तात मिळाला तर सर्व्हिसचा खर्च किमतीत मिळवूनच सौदा पटतो का बघावं.

कोकणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, आणि सामान खरं खराब होतं ते त्या चार महिन्यांत. खारट पाणी सुकलं की मिठाचे खडे होतात. जाकिटाच्या बटणात ते अडकले तर बटण दाबलेलंच राहतं, हवा भरत जाते आणि माणूस नको त्या वेगानं वर फेकला जातो. म्हणून गोड्या पाण्यात बुडवून, बटण दाबत, जाकिटाच्या आतही पाणी खेळवून धुवायचं. रेग्युलेटर धुताना मात्र फर्स्ट स्टेजचं टोपण घट्ट लावलेलं हवं आणि सेकंड स्टेजचं बटण अजिबात दाबायचं नाही, नाहीतर पाणी उलटं आत जातं. मग सावलीत वाळवायचं. नळ्या मोठ्या वळणात गुंडाळायच्या, घट्ट मुडपायच्या नाहीत.

नवं सामान घेतल्यावर ते थेट तांडेलाच्या होडीत घेऊन जाऊ नका. आधी एखाद्या तलावात, जोडीदाराला घेऊन, ऑक्टोपस देण्याचा आणि घेण्याचा सराव करा: डोळे उघडे ठेवून, मग मिटून, आणि मग मास्क काढून. पिवळी नळी उलटी तोंडात गेली तर तोंडात पाणी येतं, हेही एकदा अनुभवा. काही सेकंड स्टेज कुठल्याही बाजूनं चालतात, बहुतेक चालत नाहीत, आणि तुमची कुठली ते बिलावर लिहिलेलं नसतं.